सपाट मंगळ

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांगात नजरही धरतात म्हणे. त्या खात्यातला निम्मा माल मुळातच खराब असल्याचं परवा कळलं, तेव्हा हा नमस्कार साडेसात अंगांचा समजून गोड मानून घ्यावास.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर विश्वास ठेवू नये. तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना म्हणावं, गुडघे दोन असतात आणि एक दुखला की दुसऱ्याला लगेच कळतं, एवढं नशीब सगळ्याच अवयवांना नसतं. असं का म्हणतो ते पुढे येईलच.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. आमच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे जाहीर सभेत बोलायचं. ही स्वयंपाकघरातून माझं वाक्य पुरं करते आणि लेक बाहेरच्या खोलीतून ते दुरुस्त करते. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस. (गेल्या वेळी तुला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला, तर तू पस्तीस मिनिटं शेजारणीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललीस. शुभेच्छा माझ्याकडेच राहिल्या. त्या सोबत पाठवत आहे.) आणि जे सांगायचं आहे ते या दोघींच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून दुकानात बसून, पुठ्ठ्यांच्या ढिगाआड, हे पत्र लिहितो आहे.

काम तसं लहान आहे. तू तुझ्या भाचीला एक फोन करावास आणि तिला सांगावंस, की तुझा बाप लहानपणापासून निष्काळजी, धांदरट आणि कामचुकार आहे. दोन-चार उदाहरणं द्यावीस. मोठ्या बहिणीच्या शब्दाला वजन असतं, आणि तुझ्याकडे उदाहरणांचा तुटवडा कधीच नव्हता. एरवी न विचारता सांगतेस, या वेळी भाऊ स्वतः विचारतो आहे. तू म्हणशील, अरे, स्वतःच्या लेकीपुढे स्वतःचीच बदनामी करायला निघालेला बाप मी आजवर बघितला नाही. मीही नाही. पण ताई, माझ्यापुढे दोनच पर्याय उरलेत. लेकीने मला निष्काळजी समजावं, नाहीतर खरं काय ते समजावं. मी पहिला निवडला आहे, आणि ती काही केल्या विश्वास ठेवत नाही.

आता पहिल्यापासून सांगतो. तुझी भाची विज्ञान केंद्रात लागली हे तुला माहीतच आहे. दीड वर्ष तिने आलेल्या शाळांना रांगेत उभं करणं आणि 'काचेला हात लावू नका' हे वाक्य म्हणणं, एवढंच केलं. मग गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एक अख्खा कार्यक्रम तिच्या हाती दिला. मंगळावर एक गाडी पाठवलेली आहे, बिनमाणसाची. ती तिथल्या मातीतून रखडत हिंडते आणि फोटो काढून पाठवते. त्या गाडीला एक मान आहे, आणि मानेवर वीतभर अंतराने दोन कॅमेरे आहेत, आपल्या डोळ्यांसारखे. डावा कॅमेरा एक फोटो काढतो, उजवा जरा बाजूने तोच फोटो काढतो. मग एक लाल रंगात आणि एक निळ्या रंगात एकमेकांवर छापायचा. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर छापखान्यात कागद सरकल्यासारखं दिसतं. पण एका डोळ्यावर लाल आणि दुसऱ्यावर निळा जिलेटिन कागद लावलेला चष्मा घातला, की प्रत्येक डोळ्याला आपापला फोटो मिळतो आणि मंगळ उठून उभा राहतो. दगड पुढे येतात, दरी मागे जाते. असं तिने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता, की ती गाडी तिनेच ढकलत तिथवर नेली असावी असं वाटलं. (एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती. इतक्या लांब, इतक्या धुळीत, पुसायलाही कुणी नाही, आणि त्या गाडीचे दोन्ही डोळे चालू आहेत.)

तर कार्यक्रमाला दोनशे चष्मे हवे होते. तयार मिळतात. पण लेक म्हणाली, "बाबा, तुमच्या हातचा पुठ्ठा तो पुठ्ठा." ताई, बत्तीस वर्षं मी लोकांची पुस्तकं बांधतो आहे. ग्रंथालयांचे संदर्भग्रंथ, वकिलांचे खंड, विद्यार्थ्यांचे प्रबंध. या बत्तीस वर्षांत माझ्या घरातल्या कुणी माझ्या पुठ्ठ्याचं नाव चांगल्या अर्थाने घेतलेलं नव्हतं. हे वाक्य ऐकल्यावर मी मंगळच कापडी बांधणीत, पाठीवर सोनेरी अक्षरं टाकून दिला असता. चष्मे म्हणजे काहीच नाही. मी दुकान आठ दिवस त्याच कामाला लावलं. एका प्राध्यापकांचा प्रबंध अर्धवट शिवलेला तसाच पडून राहिला. (ते रोज येऊन दारात उभे राहत आणि मी त्यांना मंगळाचं काम चालू आहे असं सांगत असे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी तब्येत विचारली.) पुठ्ठा दुहेरी, मध्ये जिलेटिन, कडा घासून गुळगुळीत. नाकाची खाच मी आमच्या सगळ्यांच्या नाकांची मापं घेऊन काढली. कानामागे जाणाऱ्या दांड्यांना असा बाक दिला, की चष्मा घालून कुणी धावला तरी पडू नये. डोळ्यांत तेल घालून काम केलं म्हणतात ना, तसं केलं. आता कळतं की तेल चुकीच्या जागी घातलं.

कारण लेकीने निघताना बजावलं होतं, बाबा, लाल डावीकडे, निळा उजवीकडे. मी हो म्हटलं. आणि मग बत्तीस वर्षांच्या सवयीने घात केला. पुस्तकाचं कव्हर आम्ही कसं करतो ते तू बघितलेलं आहेस. कापड पालथं घालायचं, त्यावर पुठ्ठे ठेवायचे, खळ लावायची, कडा मुडपायच्या. म्हणजे सगळं काम आतल्या बाजूने. उलटल्यावर डावा पुठ्ठा उजवीकडे जातो. म्हणून गिऱ्हाईक डावं म्हणालं, की बाइंडरचा हात आपोआप उजवीकडे जातो. मला विचार करावा लागत नाही, आणि हीच सगळी गोम आहे. दोनशे चष्मे मी आतली बाजू वर ठेवून, लाल उजवीकडे, निळा डावीकडे, असे बिनचूक चिकटवले. पुस्तक लोक बाहेरून बघतात आणि चष्म्यातून आतून बघतात, हे इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाला कोण सांगणार?

बरं, चूक झाली तर झाली. चुकतो तो माणूस. पण मी ते दोनशेच्या दोनशे चष्मे स्वतःच्या डोळ्यांना लावून तपासले, ताई. लेकीने मंगळाचं एक मोठं चित्र दिलं होतं, ते मी दुकानाच्या भिंतीवर चिकटवलं. स्टुलावर बसायचं, एक चष्मा लावायचा, चित्राकडे बघायचं, बाजूला ठेवायचा, दुसरा लावायचा. चष्म्याशिवाय बघितलं की दगडांना लाल-निळ्या कडा दिसत. चष्मा लावला की कडा गायब, चित्र स्वच्छ, तांबूस, एकसंध. मी म्हटलं, वा! यालाच तीन मितींचं दिसणं म्हणत असावेत. दगड पुढे वगैरे आले नव्हते, पण शास्त्रज्ञ लोक जरा फुगवून सांगतात असं मी धरून चाललो. (आपल्या वडिलांना संगीतसभेला नेलं होतं ते आठवतं? सगळे माना डोलावत होते म्हणून तेही डोलावत होते, आणि घरी येऊन म्हणाले, बरी होती, पण गाणं कधी सुरू झालं?) लेक त्या दिवशी धावतपळत दुकानात आली. "खोल दिसतंय ना बाबा?" मी म्हटलं, अगदी खोल. तिने स्वतः एकही लावून बघितला नाही. बाबांनी तपासलंय म्हटल्यावर तपासायचं काय राहिलं?

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. आम्ही दोघं तिसऱ्या रांगेत. ही नवी चप्पल घालून आलेली, मी इस्त्रीच्या शर्टात. दाराशी प्रत्येकाला चष्मा देत होते आणि लोक तो उलटसुलट करून बघत होते, कडेवरून बोट फिरवत होते. एक बाई म्हणाल्या, किती सुबक आहे हो. मी हिच्याकडे बघितलं. हिने ऐकलं नसल्यासारखं केलं, म्हणजे ऐकलं होतं. मग दिवे गेले, पडद्यावर मंगळ आला, आणि लेक माइकवरून म्हणाली, चष्मे लावा. लोकांनी लावले. सभागृहात अशी शांतता पसरली, की मला वाटलं, जिंकलं. ती आश्चर्याची शांतता नव्हती, ताई, डोकं दुखायला लागल्याची होती. मला पुढे कळलं ते असं, की रंग उलटे झाले की खोलीही उलटी होते. दगडांचे खड्डे होतात, खड्ड्यांचे दगड होतात. डोंगराच्या जागी भगदाड, आणि पायाजवळची वाळू क्षितिजाच्या पलीकडे. कुणीतरी मागून म्हणालं, इथेही खड्डेच, मग आपल्या रस्त्यांना उगाच नावं ठेवतो आपण. संचालक उठले आणि हे खड्डे कोट्यवधी वर्षांपूर्वी कसे पडले यावर दहा मिनिटं बोलले. मी मान डोलावत होतो. आपल्या वडिलांचाच मुलगा मी.

पाचव्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. सरकारी भूमापक, निवृत्त. उभा जन्म त्यांनी विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या दोन भिंगांखाली ठेवून डोंगरांची उंची मोजण्यात घालवलेला. ते उठून उभे राहिले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तुझा डोंगर आत गेलाय. सावल्या बघ. खड्ड्याची सावली खड्ड्यात पडते, बाहेर नाही. सगळ्यांना सांग, चष्मा खालचा वर करा." दोनशे लोकांनी चष्मे उलटे केले. नाकाची खाच वर गेली, माझ्या बाकदार दांड्या कान टवकारल्यासारख्या आभाळाकडे उभ्या राहिल्या, एकाच्याही नाकावर चष्मा टिकेना. (मी इतकी मापं घेतली नसती तर कदाचित टिकला असता.) मग प्रत्येकाने आपला चष्मा हाताने धरला. आणि त्याच क्षणी, ताई, दोनशे तोंडांतून एकदम 'आ' असा आवाज आला. एक आजीबाई हात पुढे करून हवेतल्या दगडाला हात लावत होत्या. हिने पटकन पाय वर घेतले आणि माझा दंड धरला. म्हणाली, "अहो, बघा ना, दगड पायाशी आलाय!"

मी बघितलं. मगाशी तांबूस होता तो मंगळ आता निळसर झाला होता. बाकी तोच. भिंतीवर कॅलेंडर लावावं तसा. मी चष्मा पुन्हा सुलटा केला, पुन्हा उलटा केला. हाताने डोळे चोळले. शेवटी हिने पाय वर घेतलेत म्हणून मीही घेतले, पण मला दोन सेकंद उशीर झाला. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलेलं नाही. दोनशे माणसं मंगळावर पोचली होती आणि मी तिसऱ्या रांगेत, खुर्चीवर, पाय वर घेऊन बसलो होतो.

कार्यक्रम संपताना लेकीने माइक घेतला आणि म्हणाली, चष्म्यांचे रंग उलटे लागले, चूक माझी आहे, मी क्षमा मागते. माझं नाव घेतलं नाही. संचालकांच्या खड्ड्यांवरच्या भाषणानंतर हे बोलायला काय लागलं असेल याची कल्पना कर. (ते तिच्याकडे बघतही नव्हते. खड्ड्यांसाठी त्यांनी एक इंग्रजी शब्दही वापरला होता, तो परत घेता येईना.) घरी आल्यावर तिने चप्पलसुद्धा काढली नाही. "बाबा, खरं सांगा. एक तरी डोळ्याला लावून बघितलात का?" आता काय सांगू? दोनशे लावून बघितले असं सांगावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, मग दिसलं कसं नाही? मी म्हटलं, नाही गं, वेळ नव्हता, घाई झाली. ती माझ्याकडे बघत राहिली. जो माणूस दाराची कडी लागली का हे तीन वेळा बघतो, तो म्हणतो घाई झाली. मग नुसतं "बरं" म्हणाली. हे बरं तू ऐकायला हवं होतंस. त्या दिवसापासून ती माझ्याशी चहा ठेवलाय आणि किल्ली कुठाय याच्या पलीकडे बोललेली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. ती विचार करते आहे, आणि विचार करणारी मुलगी म्हणजे फार वाईट.

तू विचारशील, मग खरं सांगून का टाकत नाहीस? ताई, माझ्या दुकानात कापायचं मशीन आहे. हातभर पातं. मी मोजपट्टी धरतो, कागदाचा गठ्ठा सरकवतो, बोटं काढतो आणि पातं खाली आणतो. बोटं आणि पातं यांत किती अंतर आहे ते मला दिसतं असं माझ्या घरातल्या लोकांना वाटतं. मलाही वाटत होतं. आता या दोघींना कळलं की मला अंतर दिसतच नाही, तर ही त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून किल्ली डाळीच्या डब्यात टाकेल. मग मी काय करायचं? सकाळी उठून पेपर वाचायचा आणि संध्याकाळी तोच पुन्हा वाचायचा? पुस्तक बांधण्याखेरीज मला काहीही येत नाही. नीट चहासुद्धा ओतता येत नाही, हे तूच सगळ्यांना सांगत असतेस.

त्या चहाचं कारणही आता कळलं आहे. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, गुपचूप, कागद आणायला जातो असं सांगून. एक तरुण बाई आहेत, आवाज फार गोड, त्यामुळे जे बोलतात ते जास्तच लागतं. त्यांनी एक पुस्तक पुढे धरलं (बांधणी भिकार, पाठ सुटलेली) आणि विचारलं, यातलं कुठलं वर्तुळ वर आलेलं दिसतं? मी म्हटलं तिसरं. पुढच्या पानावर? म्हटलं, तिसरंच. त्या म्हणाल्या, काका, ही परीक्षा नाही, कॉपी करायची गरज नाही. मग उजवा डोळा झाकला आणि डाव्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मला भिंत दिसली. बटर पेपरमागे असल्यासारखी, पण दिसली. त्यांनी विचारलं, हे असं कधीपासून? मी म्हटलं, नेहमीचंच. उजवा हात कामाचा आणि डावा धरायचा, तसंच डोळ्यांचंही असतं ना? एक मुख्य आणि एक मदतनीस? त्यांनी ते पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, नाही हो काका, असं नसतं.

म्हणजे लहानपणापासून डावा डोळा आळशी. डोळ्यात दोष फारसा नाही, पण मेंदूने त्याचं काही ऐकून घ्यायचंच सोडून दिलेलं. (कुटुंबातल्या धाकट्याचं होतं तेच.) आणि ताई, त्या दवाखान्याच्या बाकावर बसून माझं अख्खं आयुष्य मला नव्याने समजलं. मला एकदाही चेंडू झेलता आला नाही. मी कपात ओतलेला चहा बशीत का जातो, शेवटची पायरी समजून मी सपाट जमिनीवर दाणकन पाय का आपटतो, भाऊजींनी पहिल्या भेटीत हात पुढे केला तेव्हा मी त्यांच्या पोटाशी हात का मिळवला. सुईत दोरा मी बघून ओवतच नाही, जिभेने ओला करून बोटांनी ओवतो. त्याला मी कसब समजत होतो. म्हणतात, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. माझं उलटं झालं. मी काही मागितलंच नव्हतं, दोन आहेत याच समाधानात होतो, तर त्यातला एक काढून घेतला, तोही चोपन्न वर्षं आधीपासून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी कुणाच्या लक्षात आलं नाही का? तेव्हा चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधली की दुसरा कामाला लागतो, आता या वयात उपयोग नाही. पट्टी वगैरे दिली होती का कुणी? मी म्हटलं, आठवत नाही. आणखीही एक गोष्ट त्या उजव्या डोळ्याबद्दल बोलल्या, पण कागद संपत आला आहे, आणि तशी ती किरकोळ आहे.

तर एवढं करच. लेकीला फोन लाव आणि माझ्या निष्काळजीपणाची खात्री पटवून दे. मी शाळेत कुणाचा तरी डबा घेऊन आलो होतो ते सांग. मावशीच्या काचेच्या बरणीचंही सांग. तिला एकदा पटलं की ती रागावेल, आणि रागावली की बोलायला लागेल. भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत राहावा.

तुझा धाकटा, धांदरट भाऊ

ता. क. प्राध्यापकांचा प्रबंध बांधून दिला. पाठीवरची सोनेरी अक्षरं किंचित उतरती लागली. ते म्हणाले, छान आहे, गती आल्यासारखी वाटते. गेले सहा महिने माझी सगळीच अक्षरं उतरती लागत आहेत. मी ठशांना दोष देत होतो.

ता. क. २. ती किरकोळ गोष्ट. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला आहे. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. (दुसरा कुठला वार असणार होता?) एरवी म्हणे वीस मिनिटांचं काम, लोक हसत घरी जातात. पण त्या लोकांच्या पिशवीत दुसरा डोळा असतो. माझा हा एकच आहे, आणि सही करायला घरचं माणूस लागतं. ताई, मला भीती वाटते. दुकानात बसून मी डावा डोळा उघडा ठेवून उजवा झाकून बघतो, रोज. पुठ्ठा कुठला आणि टेबल कुठलं ते कळत नाही. तू ये. आणि वर लिहिलेला फोन करू नकोस. माझ्या लेकीला तू समोर बसवून सांग, की तुझा बाप निष्काळजी नाही, त्याने दोनशेच्या दोनशे चष्मे डोळ्याला लावून बघितले होते. मला हे तिच्याकडे बघून सांगता येणार नाही, आणि मंगळवारनंतर बघता आलं नाही तर मुळीच नाही.

ता. क. ३. मला पट्टी आठवते. डॉक्टरीणबाईंशी खोटं बोललो. मी पहिलीत होतो, तू पाचवीत. आई सकाळी माझ्या उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी चिकटवायची, वर्षभर, रोज रात्रीपर्यंत काढायची नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. पोरं काण्या म्हणायची आणि मी रस्ताभर रडायचो. मग गिरणीच्या कोपऱ्यावर आलं, की तू हळूच, एकही केस न ओढता, ती पट्टी काढायचीस आणि तुझ्या कंपासपेटीत ठेवायचीस. येताना त्याच कोपऱ्यावर पुन्हा लावून द्यायचीस. वर्षभर आईला पत्ता लागला नाही. तेव्हा मला वाटायचं, जगात माझ्यावर माया करणारी तू एकटीच आहेस. आजही तेच वाटतं, हे लिहून ठेवतो, कारण हे पत्र वाचून तू रडणार आणि मग तुझं ब्लडप्रेशर वाढणार. रडू नकोस. तू नऊ वर्षांची होतीस. पण मंगळवारी ऑपरेशन झालं की माझ्या त्याच उजव्या डोळ्यावर पट्टी बांधतील आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मला काही दिसणार नाही. मी घाबरेन. मी तुझा हात धरून रडेन आणि म्हणेन, ताई, काढ ना, थोडा वेळच काढ. मला मी ओळखतो. तू माझ्या शेजारी बसून राहा आणि मी कितीही गयावया केली तरी या वेळी काढू नकोस. येताना कंपासपेटी मात्र आणू नकोस.